बँडमास्तरच्या कोटाची पाठ

ती गेल्याचं घराबाहेरच्या माणसाला मी पहिल्यांदा सांगितलं ते फोनवर, आणि तो फोन विमानतळावरून आला होता. मी आणि मुलगी सकाळी दवाखान्यातून नुकतेच घरी आलो होतो. मुलगी आतल्या खोलीत नातेवाइकांचे नंबर शोधत होती. बायकोचा फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता, तो वाजला. पलीकडची बाई म्हणाली, "काकू, कोट तयार आहे ना? उद्या गाडी पाठवते."

मी म्हणालो, "काकू नाहीत."

"बाहेर गेल्यात का? मी दुपारी करते मग."

"दुपारी नको. ती आज पहाटे वारली."

ती बाई रडायला लागली. मला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं आणि मी तिची समजूत घालत होतो. मुलीने आतून विचारलं, "कोण रडतंय? मावशी का?"

मी म्हणालो, "नाही. विमानतळ."

मुलीला हसू आलं आणि मग ते आवरेना. त्या दिवशी आमच्या घरात कोणी हसलं असेल तर तेवढंच.

त्या बाईला आम्ही पुढे प्रदर्शनवाली म्हणू लागलो. विमानतळावर तपासणी झाल्यावर लोक विमानाची वाट बघत बसतात तो मोठा हॉल असतो ना, तिथे आपल्या भाषेतल्या सिनेमाचं प्रदर्शन मांडायचं काम तिच्याकडे होतं. जुने कॅमेरे, पोस्टरं, गाण्यांच्या तबकड्या, नटनट्यांचे कपडे. त्यासाठी ती माझ्या बायकोशी फोनवर बोलायची. दोघींचं चांगलंच जमलं होतं. बायकोने तिला बँडमास्तरचा कोट द्यायचं कबूल केलं होतं आणि शेवटच्या आठवड्यातही ती त्याची पितळी बटणं घासत बसली होती.

महिन्याभराने प्रदर्शनवाली स्वतः घरी आली. चहा प्यायली. म्हणाली, "काका, कोट देता ना? काकूंचं नाव खाली लिहायचं आहे."

मी लगेच हो म्हणालो. तिचं नाव कधीच कुठे लिहिलेलं नव्हतं. चित्रपटाच्या सुरुवातीला नावं येतात त्यात 'वेशभूषा' म्हणून कंपनीच्या मोठ्या बाईंचं नाव यायचं. मोठ्या बाई कापड निवडायच्या. शिवायची ही. आता तिच्या नावाची एक पाटी लागणार, एवढीच गोष्ट मला हवी होती. दुसरं काही मी मागितलं नाही.

आम्ही दोघं एकाच चित्रपट कंपनीत होतो. मी सेटवरचा सुतार, ती कपडेपटात. सेटवरचं सुतारकाम वेगळं असतं. वाडा बांधा, बंगला बांधा, पण पुढची बाजू तेवढी. मागे फळ्या, टेकू आणि खिळे. कॅमेरा जिथे जाणार नाही तिथे रंगाचा एक हातही मारायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं. लग्नानंतर मी घरासाठी पहिलं कपाट केलं. पॉलिश केलं, कड्या लावल्या, आणि मागची फळी लावायची विसरलो. कपडे ठेवले की भिंतीचा चुना लागायचा. ती म्हणाली, "अहो, आपण यात राहायचंय. शूटिंग नाही करायचं."

कोट कसा झाला तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चित्रपट एका बँडमास्तरचा होता. लाल कोट, सोनेरी कड, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा. नायक तरुण होता, सडपातळ होता. अर्धा चित्रपट झाला आणि काम बंद पडलं. वर्ष गेलं, वर उन्हाळा गेला. परत सुरू झालं तेव्हा नायकाला कोट घालायला दिला तर बटणं काजांपर्यंत पोचेनात. तेवढ्या काळात गड्याने चांगलंच पोट कमावलं होतं. तसं लाल कापड बाजारात कुठेच मिळेना. मोठ्या बाईंनी हात वर केले. दिग्दर्शक डोकं धरून बसला. बायकोने कोट पुढून नायकाच्या अंगावर चढवला, त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मानेपासून खालपर्यंत कोटाची पाठ कात्रीने उभी कापली. दोन्ही कडांना भोकं पाडली आणि नायकाच्याच उंच बुटांच्या लांब नाड्या त्यातून ओवून घट्ट आवळल्या. पुढून पाहिलं तर कोट अंगाबरोबर. मागून पाहिलं तर बनियन.

मग दिग्दर्शकाने ठरवलं, उरलेल्या चित्रपटात नायक पाठ फिरवणार नाही. शेवटी भरल्या सभागृहात बँड वाजतो. तिथे बँडमास्तर वाजवणाऱ्यांकडे तोंड करून उभा राहायला हवा, म्हणजे लोकांकडे पाठ. हा लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि वाजवणारे मागे. चित्रपट धो धो चालला. अभ्यासू लोकांनी लिहिलं की हा नायक जगाला कधी पाठ दाखवत नाही. एका पुस्तकात त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे. बायकोने ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिला पदराने डोळे पुसावे लागले, इतकी हसली. पण बाहेर कधी बोलली नाही. नायकाने, ज्याला त्या चित्रपटापासून सगळे मास्तरच म्हणतात, तिच्याकडून शब्द घेतला होता की पाठीचं कोणाला सांगायचं नाही. मला माहीत होतं कारण तेव्हा मी त्याच सभागृहाची भिंत रंगवत होतो.

तुम्ही म्हणाल, मग कोट प्रदर्शनात द्यायला ती तयार कशी झाली? तिला वाटलं होतं, काचेचं कपाट भिंतीला लागून असेल. मलाही तेच वाटलं होतं. आम्ही आयुष्यभर वस्तू एकाच बाजूने बघितल्या.

मला कामाचा पास मिळाला. हॉलमध्ये गेलो तर कपाट हॉलच्या मधोमध. चारी बाजूंनी काच. आत एक पुतळा. प्रदर्शनवालीने हातमोजे घालून कोट पुतळ्यावर चढवला, पुढची बटणं लावली, दोन पावलं मागे सरून बघितलं, खूश झाली. मग फिरत फिरत मागे गेली.

"काका, मागचं कापड कुठे गेलं?"

"ते तसंच आहे."

"उसवलंय का? माझ्या ओळखीची एक शिवणारी आहे. आतून पट्टी लावून देईल. कळणारही नाही."

"नको. तिच्या टाक्यांवर दुसऱ्याची सुई नको."

"मग निदान हे असं का आहे ते सांगा. कारण असेल तर मी कारणासकट मांडते."

"कारण आहे. सांगता येत नाही. शब्द दिलाय."

"तुम्ही?"

"तिने."

"कोणाला?"

"ते सांगितलं तर सगळंच सांगून झालं."

तिने हातमोजे काढले आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. चिडली नव्हती, पण तिची पंचाईत झाली होती. मी म्हणालो, "ताई, तुम्ही काळजी करू नका. मी मागे भिंत उभी करतो."

भिंत मला जमते. घरामागच्या शेडमध्ये बसून मी चित्रपटातल्या सभागृहाची भिंत जशीच्या तशी केली. खांब, पडदा, वर नक्षी. कितीतरी दिवसांनी हाताला काम मिळालं होतं, रात्री झोपही लागू लागली. टेंपोत घालून भिंत विमानतळावर नेली. तपासणीच्या दारात सुरक्षावाल्याने अडवलं.

"याच्या मागे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही तर भिंत कशाला?"

"काही नाही ते दिसू नये म्हणून."

त्याने माझा पास उलटून पालटून पाहिला आणि वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठाने प्रदर्शनवालीला बोलावलं. शेवटी भिंत आत गेली.

भिंत पुढून अशी दिसत होती की माणसं तिच्यासमोर उभी राहून फोटो काढायला लागली. पण हॉलमध्ये माणसं चहूकडून येतात. माझ्या भिंतीच्या मागच्या बाजूला नुसत्या फळ्या आणि टेकू, आणि तिथे जमिनीत फोन चार्ज करायची सोय होती, हे मी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथे चार माणसं फतकल मारून बसलेली. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ टेकूला पाठ लावून गाढ झोपले. त्यांच्या नावाचा पुकारा सगळ्या विमानतळावर चालू होता आणि ते माझ्या भिंतीमागे घोरत होते. त्यांचं विमान गेलं.

त्यावर विमानतळाचे मोठे साहेब खाली आले. भिंतीभोवती एक चक्कर मारली. टेकूला हात लावून पाहिला.

"काका, काम फार छान आहे," ते म्हणाले. "पण विमानतळाला मागची बाजू नसते. इथे माणूस कुठूनही येतो."

"मग कोटाचं काय करायचं?" प्रदर्शनवालीने विचारलं.

"चारी बाजूंनी नीट दिसणार असेल तर ठेवा. नाहीतर तसाच नवीन शिवून ठेवा, आणि हा काकांना परत द्या. सोमवारी उद्घाटन आहे. भिंत आजच काढा."

भिंत काढायला मला अर्धी दुपार लागली. नवीन कोट शिवला तर पाटीवर नवीन शिवणाऱ्याचं नाव येणार. त्यात कोणाची चूक नव्हती. मी खिळे उपटत होतो आणि तिचं नाव पुन्हा राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घरी आलो तर मुलगी म्हणाली, "तोंड असं का? भिंत पडली?"

सगळं सांगितलं. ती ऐकून घेत भाजी चिरत होती.

"बाबा, शब्द आईने दिला. ज्यांना दिला ते मास्तरकाका धडधाकट आहेत. जाऊन विचारा."

"दिलेला शब्द परत मागतात का?"

"शेजारच्यांना दिलेली शिडी आपण परत मागतोच ना, मग हेही विचारायला काय झालं? ते नाही म्हणतील, हे तुम्हीच ठरवून बसलाय."

"अगं, तो माणूस अजून केस काळे करतो. पोटाची गोष्ट जगाला सांगू देईल?"

"ते त्यांना म्हणू द्या. त्यांचे संवाद तुम्ही कशाला बोलता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला जवळजवळ ओढतच नेलं. मास्तर आपल्या धाकट्या भावाच्या घरी राहतात, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. केस काळे कुळकुळीत, पण अंगाने पार वाळलेले. शर्ट खांद्यावर टांगल्यासारखा.

"कोण, सुतार? ये ये. आणि ही तुझी लेक? घोडी झाली की." त्यांनी आमच्या मागे जिन्याकडे पाहिलं. "ती कुठाय? खाली थांबली असेल. तिला जिने झेपत नाहीत, माहितीय मला. थांबा, गॅलरीतून हाक मारतो, गप्पा तिथूनच मारू." आणि ते गॅलरीकडे चालायलाही लागले.

मी मागून म्हणालो, "मास्तर, हाक मारू नका. ती नाही आता."

ते कठड्याला धरून उभे राहिले. आमच्याकडे पाठ होती. बराच वेळ वळले नाहीत. मुलगी पुढे जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. मग ते तिचा हात धरून आत आले आणि खुर्चीत बसले.

"मला कोणी कळवलं नाही," ते म्हणाले.

"चुकलंच," मी म्हणालो.

"तुझं नाही रे. मीच तीन वर्षं फोन केला नाही."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, कसे आलात. मी कोटाचं सांगितलं.

"तो आहे अजून? आणि नाड्या?"

"त्याच. तुमच्या बुटांच्या."

"तिने परत दिल्याच नाहीत. उरलेलं शूटिंग मी बिननाड्यांच्या बुटांत केलं. बूट निघून येईल म्हणून पाय घासत चालायचो. त्या चालीचंही कौतुक झालं. म्हणे, पायांतसुद्धा दुःख आहे."

मुलगी फिस्सकन हसली. मास्तरांना जोर आला.

"मला भाषणाला बोलावतात. विचारतात, पाठ न दाखवण्यामागे विचार काय होता? सुरुवातीला मी टाळायचो. मग सवय लागली. एकदा तर इतकं चांगलं बोललो की माझं मलाच पटलं."

"मास्तर," मी म्हणालो, "ते खरं कारण पाटीवर लिहायला तुम्ही हो म्हणाल का, एवढंच विचारायला आलो. नाही म्हणालात तर कोट घरी नेतो. तिने शब्द दिला होता, तो मी मोडणार नाही."

त्यांनी शर्टाचं खालचं बटण उगाच काढलं, लावलं.

"लोक हसतील."

"ती पण हसायची."

"माझ्यावर?"

"पुस्तकावर. म्हणायची, मास्तरांच्या पोटाचा जेवढा अभ्यास झाला तेवढा डॉक्टरांनीही केला नसेल."

मास्तर खो खो हसले, मग खोकले. मुलीने पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "तिने खरंच कोणाला सांगितलं नाही? सख्ख्या बहिणीला?"

"मेव्हणीला आजही ठाऊक नाही."

"काय बाई होती. अरे, मीच तिघाचौघांना सांगून मोकळा झालो. कोणाचा विश्वास बसला नाही. म्हणाले, मास्तर, तुम्ही फार नम्र आहात."

"मग शब्दाचं काय?" मी विचारलं.

"शब्द मी तिच्याकडून घेतला होता. माझ्याकडून कोणी घेतला होता?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "लिहा काय लिहायचं ते. फक्त नीट लिहा. काम बंद पडलं म्हणून पोट वाढलं. पोट वाढलं म्हणून काम बंद पडलं, असं होता कामा नये."

तिथून आम्ही थेट विमानतळावर गेलो. प्रदर्शनवाली कपाटाशेजारी सामानाच्या ढकलगाडीवर बसून काहीतरी खात होती. तिच्या मांडीवर पाटीचा छापून आलेला मजकूर होता. त्यात पहिलंच वाक्य होतं, की हा नायक जगाला पाठ दाखवत नाही. मी तिला सगळी गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की ढकलगाडी सरकली आणि मुलीने ती धरली.

"काका, मी याच्यावर परीक्षेत उत्तर लिहिलंय. सगळ्यात जास्त मार्क मिळाले होते."

"मार्क परत द्यायला लागत नाहीत," मुलगी म्हणाली.

प्रदर्शनवाली उठली, कपाट उघडलं आणि पुतळाच फिरवला. तपासणीतून बाहेर येणाऱ्या माणसाला आता आधी पाठ दिसणार, नाड्या दिसणार, आणि मग वळसा घालून पुढे आला की बटणं. पुढच्या बाजूला पडद्यावर सभागृहाचा प्रसंग चालू ठेवायचा, असं तिने ठरवलं. हे मला सुचलं नसतं. मी अजूनही झाकायचाच विचार करत होतो.

संध्याकाळी मोठे साहेब आले. म्हणाले, "मी चारी बाजूंनी नीट म्हटलं होतं."

"नीटच आहे, साहेब. जवळून बघा," प्रदर्शनवाली म्हणाली.

साहेब वाकले, म्हणून मीही वाकलो. इतकी वर्षं कोट आमच्या घरात होता, पण पाठ मी अशी निरखून कधी पाहिली नव्हती. नाडी ओवायच्या प्रत्येक भोकाला तिने काजाचा टाका घातला होता. बारीक, एकाशेजारी एक. कापलेली कड आत दुमडून शिवली होती. शूटिंग खोळंबलेलं, दिग्दर्शक ओरडत असलेला, कॅमेरा तिथे कधी जाणार नव्हता, आणि तिने भोकांना काज केले होते. माझी समजूत होती की आम्ही दोघंही नुसत्या पुढच्या बाजू करायचो.

साहेब सरळ झाले. "राहू दे असाच," ते म्हणाले. "कोणी शिवलाय?"

मी तिचं नाव सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं असावं, कारण दोन-तीन प्रवाशांनी वळून पाहिलं.

सोमवारी उद्घाटन झालं. मास्तर नवा शर्ट घालून आले होते. लोकांनी त्यांना कपाटाशेजारी उभं केलं. एक प्रवासी बाई म्हणाली, "मास्तर, एकदा वळा ना." मास्तर वळले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते नंतर मला म्हणाले, एवढ्या टाळ्या तोंडाला कधी पडल्या नव्हत्या. पाटीवर कोटाची हकिकत आहे, पोटाचा क्रम मास्तरांनी सांगितला तसाच आहे, आणि खाली शिवणाऱ्याचं नाव म्हणून तिचं पूर्ण नाव आहे. मेव्हणीने ते वाचलं आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. म्हणाली, एवढी मोठी गोष्ट आणि मला सांगायला नको?

आता प्रदर्शनवालीला पुढच्या वर्षासाठी आणखी कपडे हवे आहेत. बायकोने मोडीत जाणारं बरंच काही घरी आणून ठेवलं होतं. झगे, जाकिटं, टोप्या, एका राजाची शाल. प्रत्येकाला कोणत्या चित्रपटातलं याची चिठ्ठी लावून पाठवा, असं प्रदर्शनवालीने सांगितलंय. मला भिंती आठवतात. कोणत्या भिंतीला कोणता रंग होता ते सांगेन. त्या भिंतीसमोर कोण काय घालून उभं होतं ते आठवत नाही. ते बायकोकडे असायचं.

मास्तर रविवारी येतात मदतीला. कपडा हातात घेतला की म्हणतात, हा माझा. एका निळ्या झग्यालाही म्हणाले. मुलीने विचारलं, "कोणत्या चित्रपटात घातला होतात, मास्तरकाका?" ते म्हणाले, "थांब, आठवू दे."

आतापर्यंत एका मफलरला आणि एका टोपीला चिठ्ठी लागली. बाकीचे कपडे कुठले ते शोधायचं राहिलंय.